धूळपाटी ते शिडी : सीमाभागातील शिक्षकांच्या शिक्षणाची कथा

धूळपाटीवर अक्षरे गिरविलेली पिढी आता आपल्यांत राहिलेली नाही. पण तिच्या आठवणी आपल्या जुन्या घराण्यांतून अजून सांगितल्या जातात. लाकडी फळीवर बारीक माती पसरायची, तीवर काडीने श्रीगणेशा काढायचा आणि चुकले की हाताने पुसून पुन्हा आरंभ करायचा. पंतोजींच्या ओसरीवर एक मुलगा पावकी-निमकी घोकीत असे, दुसरा मोडीचा कित्ता वळवीत असे, तिसरा जमाखर्च मांडीत असे. इयत्ता हा प्रकारच नसल्यामुळे नापास होणेही नव्हते. ज्याला जे येत नाही, तेवढेच पंतोजी त्याला देत आणि ते आले की पुढचे देत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. छडी होती, अर्थावाचून पाठांतर होते, मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जागा नव्हती. तरीही प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिकते ही जाण तेथे होती, हे नाकारता येणार नाही.

आज शिक्षणक्षेत्रात दोन शब्द वारंवार ऐकू येतात. एक, ज्याच्या त्याच्या गतीने शिकविणे. दुसरा, मिश्र अध्ययन, म्हणजे प्रत्यक्ष वर्ग आणि यंत्राच्या द्वारे येणारा पाठ यांची सांगड. या दोन्ही पद्धतींसाठी शिक्षक तयार करण्यावर सरकार सार्वजनिक पैसा खर्च करते. हा पैसा आपल्या बेळगाव-निपाणी भागात कसकसा आला आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत आला, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही मागील दोनशे वर्षांचा इतिहास चाळणार आहोत.

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. १८३६ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत बेळगाव धारवाडच्या कलेक्टरीत मोडत असे. एल्फिन्स्टनच्या प्रेरणेने मुंबई इलाख्यात शाळांची जी पाहणी झाली, तीत १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी आढळले. म्हणजे शाळेमागे सरासरी वीस-एकवीस मुले. एवढ्या मुलांना एकेकटे शिकविणे पंतोजींना शक्य होते, याचे कारण या आकड्यातच आहे. शिवाय मोठी मुले लहानांना शिकवीत. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल यांनी मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली, मुलांकरवी मुलांना शिकविण्याचा प्रयोग तेथील अनाथालयात केला आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हीच पद्धत पुढे इंग्लंडात गाजली आणि तिकडून नवे नाव घेऊन हिंदुस्थानात परत आली.

मुंबईच्या शिक्षणसंस्थेने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली चोवीस शिक्षक तयार करून १८२६ च्या सुमारास इलाख्याच्या निरनिराळ्या भागांत पाठविले. त्यांत चौदा मराठीचे आणि दहा गुजरातीचे होते. आपल्या इलाख्यात शिक्षक घडविण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला तो येथून. या चोविसांत कन्नडचा एकही नव्हता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळांची आणि त्यांतील उमेदवारांना विद्यावेतन देण्याची शिफारस केली. १८६३ च्या सुमारास मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आण्याची लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. शाळा वाढल्या, इयत्ता आल्या, तपासनीस आले. खासगी शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागले. निकालावर पैसा मिळू लागला की शिक्षकाचे लक्ष साहजिकच पास होऊ शकणाऱ्या मुलावर राहते. ओसरीवरचा मागे पडलेला मुलगा येथे प्रथमच वर्गाबाहेर गेला.

या साऱ्याचा हिशेब मागणारा पहिला मोठा मराठी आवाज महात्मा फुले यांचा. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्याने भरलेल्या पट्टीचा पैसा त्याच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे स्पष्टपणे मांडले. शिक्षक शक्यतो प्रशिक्षित असावेत, कष्टकरी वर्गांतून आलेले असावेत, मुलांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत आणि त्यांचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आयोगापुढे बोलताना शाळांच्या इमारतींपेक्षा शिक्षक कोण आणि कसा, याला त्यांनी अधिक महत्त्व दिले. शिक्षकाची बोली आणि मुलाची बोली यांतील अंतर हा त्या मागणीचा गाभा होता, असे आम्हांस वाटते.

आता त्या चोवीस शिक्षकांकडे परत वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेळगाव-धारवाड प्रांतात सरकारी कारभाराची आणि पुष्कळशा शाळांची भाषा मराठी होती. घरी कन्नड बोलणारी मुले शाळेत मराठी शिकत. ही स्थिती बदलण्यासाठी शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी १८६० च्या दशकात रसेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठबळाने कसून प्रयत्न केले. त्यांनी कन्नड शाळा काढविल्या, कन्नड पुस्तके करविली आणि शिक्षक तयार करणारी शाळा हे आपल्या कामाचे एक केंद्र मानले. शिक्षक कन्नडमध्ये तयार झाल्यावाचून कन्नड शाळा उभी राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या घराण्यांतील ज्येष्ठांना ही हकीकत कदाचित रुचणार नाही. पण सार्वजनिक पैसा एका भाषेच्या पदरात पडला म्हणजे दुसऱ्या भाषेच्या मुलाचे काय होते, याचा धडा या भागात प्रथम कन्नड मुलाला मिळाला आणि नंतर मराठी मुलाला. आज आपण जे मागतो, ते चन्नबसप्पांनी त्या काळी मागितले होते.

विसाव्या शतकात हा प्रश्न ज्यांनी सर्वांत खोलवर हाताळला, ते जे. पी. नाईक आपल्याच शेजारचे. त्यांचा जन्म १९०७ साली कोल्हापूरकडील आजरा भागातल्या बहिरेवाडीचा. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंगवास भोगून आल्यावर ते धारवाड जिल्ह्यातील उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात जाऊन राहिले आणि आरोग्य, शेती, साक्षरता अशी कामे त्यांनी तेथे केली. पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा राहिला. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही खेड्यांत राहिलेल्या या माणसाला एकशिक्षकी शाळा आतून ठाऊक होती. तिची हेटाळणी न करता एकच शिक्षक चार इयत्ता एका वेळी कशा चालवू शकेल, मुलांचे गट कसे पाडावे, मोठ्या मुलांची मदत कशी घ्यावी, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. जुन्या ओसरीचे शहाणपण छडीवाचून परत आणता येईल काय, असाच तो प्रश्न होता.

कोठारी आयोगाने दोन गोष्टी सांगितल्या. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा. आणि प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत दोन-तीन महिने सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे. पहिली शिफारस सर्वांना पाठ आहे. दुसरी फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. मुलागणिक शिकवायचे तर शिक्षकाला विचार करण्यासाठी, साहित्य करण्यासाठी, एकमेकांचे वर्ग पाहण्यासाठी वेळ लागतो, आणि तो वेळ सरकारने विकत घ्यावा लागतो. दोन-तीन महिन्यांचा अर्थ हा आहे.

कोठारी आयोगाच्या दहा वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हे भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहिले. त्या राजकारणाची उजळणी येथे नको. १९६७ चा महाजन अहवाल आणि २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या विषयापुरते पाहायचे तर १९५६ मध्येच घटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात, असे ते सांगते. त्याआधी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असल्यास त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, असा दंडक ठरविला होता. या दोन्हींत शिक्षकाच्या जागेची गणती झाली. तो शिक्षक पुढे पंचवीस-तीस वर्षे कोणत्या भाषेत नवे शिकणार, याची गणती कोणी केली नाही. मराठी शाळा राहिली, मराठी पाठ्यपुस्तक राहिले. शिक्षकाच्या शिक्षणाची भाषा मात्र राज्याबरोबर बदलली.

याचे पहिले ठळक उदाहरण १९७५ चे. त्या वर्षी १ ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचा शैक्षणिक प्रयोग झाला. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे त्यात होते. विजापूर तर आपल्या सीमेला लागूनच. या प्रयोगात सुटीच्या काळात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे दोन मोठे वर्ग घेण्यात आले. दूरदर्शनवरचा पाठ, आकाशवाणीचा कार्यक्रम, हाती दिलेली कृतिपुस्तिका आणि शेजारी बसलेला मार्गदर्शक शिक्षक, अशी त्याची रचना होती. सुमारे पन्नास हजार शिक्षक त्यातून गेले. आज ज्याला मिश्र प्रशिक्षण म्हणतात, ते सरकारी खर्चाने आपल्या देशात एवढ्या प्रमाणावर प्रथम झाले ते असे. कार्यक्रमांच्या भाषा होत्या हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नसल्यामुळे मराठी त्यात नव्हती. कोणी मराठीला मुद्दाम वगळले असे नव्हे. पैसा राज्यांच्या यादीप्रमाणे गेला आणि राज्याच्या भाषेने बोलला, इतकेच.

पुढे २००४ मध्ये भारताने शिक्षणासाठीच सोडलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह आला. त्याच्या पूर्वप्रयोगासाठी निवडलेल्या विद्यापीठांत एक होते बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि दुसरे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. या मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी न सोडता पत्रद्वारा मजकूर, संपर्कसत्रे आणि स्वतःच्या वर्गातील सराव यांच्या बळावर शिक्षकाला पदवी मिळण्याची वाट त्याने मराठीत करून दिली. म्हणजे एका उपग्रहाचा एक प्रयोग आपल्या दाराशी होता आणि दुसरा आपल्या भाषेत. दोन्ही एकत्र मात्र कोठेच नव्हते.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्राच्या पैशाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि खडू-फळा मोहिमेत एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक मिळू लागला. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकामागे वर्षाला वीस दिवसांचे प्रशिक्षण आणि दिवसाला सत्तर रुपये असा खर्चाचा अंदाज ठरला. गुणाकार केला तर वर्षाला चौदाशे रुपये. साधनव्यक्ती, साहित्य, चहा, सारे यातच. एवढ्या रकमेत एका भाषेचे वर्ग कसेबसे होतात. मग दुसऱ्या भाषेचे साहित्य नव्याने करण्यासाठी काय उरणार?

या काळातला सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र कर्नाटकातच झाला आणि तो आम्ही मोकळ्या मनाने वाखाणतो. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्याचे काही सरकारी शिक्षक आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या खेड्यांतील शाळा पाहून आले. युनिसेफच्या साहाय्याने त्यांनी 'नलि-कलि' ही पद्धत उभारली. नलि म्हणजे आनंदाने नाच, कलि म्हणजे शीक. अभ्यासक्रमाचे लहान लहान टप्पे पाडायचे, त्यांची एक शिडी भिंतीवर लावायची, प्रत्येक पायरीची कार्डे करायची. मूल आपली पायरी पाहते, आपले कार्ड घेते आणि आपल्या गटात बसते. एका गटाला शिक्षकाचा पूर्ण आधार, दुसऱ्याला थोडा, तिसऱ्याला सवंगड्यांचा, आणि एक गट स्वतःचे स्वतः करणारा. चार दिवस गैरहजर राहिलेले मूल परत आले की सोडलेल्या पायरीपासून पुढे चालू लागते. २००९-१० पासून राज्यभरातील कन्नड सरकारी शाळांच्या खालच्या वर्गांत ही पद्धत लागू झाली.

तिच्या यशाचे मर्म कोणते? आमच्या मते, कार्डे शिक्षकांनी स्वतः लिहिली हे. गाणी त्यांच्या तालुक्याची, गोष्टी त्यांच्या गावच्या. कन्नडमध्ये अक्षरओळख र, ग, स, द, अ या क्रमाने होते, कारण कन्नड लिपीत या अक्षरांची वळणे एकमेकांना जवळची आहेत. देवनागरीत हा क्रम निरर्थक ठरतो. आपल्याकडे ग, म, भ, न ही जोडी पूर्वापार जमलेली आहे. गणिताचे कार्ड एक वेळ भाषांतरित होईल. भाषेची शिडी मात्र भाषांतरित होत नाही, ती पहिल्या पायरीपासून नव्याने रचावी लागते.

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. मराठी शाळेत शिकवीत असताना आम्ही एका प्रशिक्षणवर्गास गेलो होतो. ठिकाण आणि साल सांगण्याचे कारण नाही. साधनव्यक्ती सज्जन होते, तळमळीने बोलत होते, आणि बोलत होते कन्नडमध्ये. आम्हांपैकी बहुतेकांना कन्नड समजत होते. पण तिसऱ्या दिवशी गटकाम आले, एका मंद वाचणाऱ्या मुलासाठी पाच कार्डे तयार करा, असे. कन्नड शिक्षक लिहू लागले. आम्ही आधी नमुना मराठीत उतरवू लागलो. दुपार संपली तेव्हा त्यांच्याकडे त्यांच्या वर्गातील मुलासाठी कार्डे होती आणि आमच्याकडे दुसऱ्याच्या मुलाच्या कार्डांचे भाषांतर होते. खर्च दोघांवर सारखाच झाला होता.

मग महाराष्ट्राचे साहित्य आणावे, असे कोणी सुचवील. तिकडेही चांगले काम झाले आहे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील शाळांत प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जे घडले, ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या मागे कुरणापर्यंत शाळा नेली होती. हा वारसा आपलाच आहे. परंतु कर्नाटकातील मराठी शाळांची पाठ्यपुस्तके कर्नाटकाची आहेत. महाराष्ट्राच्या पुस्तकाला जोडलेला पाठ त्यांना तंतोतंत लागत नाही. २०१७ पासूनच्या 'दीक्षा' या सरकारी मंचावर कोणीही कोणत्याही राज्याचा मराठी पाठ उघडू शकतो, ही सोय मोठीच आहे. पण उघडणे निराळे आणि त्यावर आधारलेले प्रशिक्षण मिळणे निराळे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के असतात. २०२० मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने मंजूर झालेल्या 'स्टार्स' प्रकल्पाच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, कर्नाटक नव्हते. पैसा पुन्हा राज्यांच्या यादीप्रमाणेच वाहिला. नव्या धोरणाने शिक्षकाला वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते पन्नास तास कोणत्या भाषेतले, हा १९५६ पासूनचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

हा प्रश्न केवळ अस्मितेचा मानू नये. निपाणीत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते तेव्हा मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते आणि तिचे शाळेचे दिवस गळतात. खानापूरच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत मराठी शाळेचा पट थोडा आणि इयत्ता अनेक. अशा मुलांना इयत्तेची शाळा मागे टाकते. शिडीची शाळा तारू शकते. म्हणून ज्या मुलाला मुलागणिक शिकविण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच्याच शिक्षकाला ते शिक्षण दुय्यम भाषेतून मिळते, ही खरी हानी आहे.

मागणी मोठी नाही. प्रशिक्षणाच्या ठरलेल्या दिवसांपैकी काही दिवस सीमाभागातील मराठी शिक्षकांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच त्यांची शिडी लिहवून घेण्यासाठी द्यावेत, आणि त्या दिवसांचा खर्च स्वतंत्र दाखवावा. यंत्रे नंतर येऊ द्यावीत. कन्नड शिक्षकांनाही शेजारी बसवावे. हे काम त्यांनी आधी केलेले आहे आणि ते शिकवू शकतील. आपल्या वाचनालयांत, मंडळांत, जुन्या वाड्यांत अशा बैठकींना जागा देणे आपल्याही हाती आहे.

त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर कोणता शब्द असावा? 'अक्का' हा शब्द जोडाक्षराचा म्हणून क्रमवार अक्षरओळखीत तो उशिरा येईल. आपल्या भागातल्या मुलाच्या तोंडी मात्र तो बोलू लागल्यापासून असतो, घरी मराठी असो की कन्नड. हे कार्ड येथल्याच शिक्षकाने लिहावयाचे आहे.